गच्चीवरचे विमान

बेंगळुरूच्या शिवाजीनगर भागात जुन्या वाहनांच्या सुट्या भागांचा एक प्रसिद्ध बाजार आहे. लोक त्याला ‘गुजरी’ म्हणतात. अरुंद गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना दुकाने दाटीवाटीने उभी असतात. कोठे दुचाकींच्या टाक्या दोरीला टांगलेल्या, कोठे गिअरचक्रांचा ढीग, तर कोठे तेलाने काळवंडलेली इंजिने ओळीने मांडलेली. एखादा अनुभवी मिस्त्री त्या ढिगातून एक चक्र उचलतो, त्याच्या दातांवरून बोट फिरवतो आणि ते आणखी किती दिवस चालेल हे क्षणात सांगतो. त्याच्या बोटांना जे कळते ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. मनात आणले तर असा मिस्त्री या गल्ल्यांतून भाग गोळा करून एक अख्खी मोटारसायकल उभी करू शकेल.

छत्रपतींचे नाव धारण करणाऱ्या या वस्तीपासून आठ-दहा किलोमीटरांवर एक निराळे जग आहे. तेथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरमध्ये म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ या नावाने त्याचा पाया घातला. पुढच्याच वर्षी, १९४१ च्या ऑगस्टमध्ये, तेथे जुळणी केलेले पहिले प्रशिक्षण विमान आकाशात झेपावले. एकाच शहरातील या दोन ठिकाणी धातू तोच, पाने आणि हातोडेही थोड्याफार फरकाने तेच. मग जुन्या बाजारातल्या भागांतून मोटारसायकल जुळते, तर विमान का जुळत नाही? घरच्या घरी मोटार दुरुस्त करता येते, तर घरच्या घरी विमान बांधता येईल का? प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. पण त्याच्या उत्तरात माणसाच्या हुन्नराविषयी आणि जबाबदारीविषयी बरेच काही दडलेले आहे.

पहिल्या प्रश्नाकडे नंतर वळू. दुसऱ्याचे उत्तर मात्र ‘होय’ असे आहे. किंबहुना, जगातले पहिले यशस्वी विमान कोणत्याही कारखान्यात तयार झाले नव्हते. अमेरिकेतील डेटन गावी सायकली विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या राइट बंधूंनी ते आपल्या दुकानात घडवले. त्या दोघांपैकी एकाकडेही शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते. इंजिन बाहेरून मिळेना, तेव्हा त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलर या कारागिराने ते साध्या यंत्रांवर घडवले. १७ डिसेंबर १९०३ या दिवशी त्यांचे विमान प्रथम उडाले, ते अवघे १२ सेकंद आणि १२० फूट. या १२ सेकंदांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्याआधीची गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९०१ साली राइट बंधूंनी एका लाकडी पेटीत पंख्याने वारा सोडण्याची सोय केली आणि त्या वाऱ्यात पंखांचे सुमारे दोनशे लहान नमुने एकेक करून तपासले. दुसऱ्यांनी तयार केलेली कोष्टके त्यांनी डोळे मिटून स्वीकारली नाहीत. स्वतः मोजले, मोजलेले लिहून ठेवले आणि लिहिलेल्यावरच विश्वास ठेवला. त्यांच्या यशात हातांच्या कौशल्याइतकाच या वहीचाही वाटा होता.

राइट बंधूंची ही परंपरा पुढे अखंड चालू राहिली. आज अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात हजारो लोक आपल्या घरामागच्या शेडमध्ये किंवा मोटार ठेवण्याच्या खोलीत लहान विमाने बांधतात. त्यासाठी सुट्या भागांचे तयार संच मिळतात. संचात ॲल्युमिनियमचे कापलेले पत्रे, नळ्या, रिव्हेट, नट-बोल्ट आणि जाडजूड सूचनापुस्तक असते. अमेरिकेतील ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ या एकाच कंपनीच्या संचांतून अकरा हजारांहून अधिक विमाने पूर्ण होऊन उडाली आहेत. तेथील नियम मोठा मार्मिक आहे. विमानाच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः, शिकण्याच्या किंवा आनंदाच्या हेतूने केलेला असला पाहिजे. तरच ते ‘घरी बांधलेले’ म्हणून नोंदले जाते. म्हणजे पैसे मोजून दुसऱ्याकडून बांधून घेतलेले विमान या वर्गात बसत नाही. श्रम स्वतःचेच हवेत.

हे श्रम थोडेथोडके नसतात. दोन आसनांचे एक साधे धातूचे विमान बांधण्यास सुमारे दीड ते दोन हजार तास लागतात. नोकरी-व्यवसाय सांभाळून आठवड्याला दहा तास काढणाऱ्या माणसाला त्यासाठी तीन-चार वर्षे खर्ची घालावी लागतात. ही वर्षे बहुतांशी अतिशय नीरस कामात जातात. पत्र्याला भोक पाडायचे, भोकाची कडा घासून गुळगुळीत करायची, रिव्हेट बसवायचा, तो नीट दाबला गेला की नाही हे पाहायचे आणि पुढच्या भोकाकडे वळायचे. असे हजारो रिव्हेट. एखादा तिरका बसला तर तो काढून पुन्हा बसवायचा. आजूबाजूला पाहणारे कोणी नसते, शाबासकी देणारेही कोणी नसते. कडा घासण्याचे काम टाळले तरी विमान वरून तितकेच देखणे दिसेल. पण अशा खरबरीत कडेपासूनच पुढे पत्र्याला बारीक तडा जाण्याचा संभव असतो. जे डोळ्यांना दिसत नाही तेही प्रामाणिकपणे करणे, हे या कामातले पहिले व्रत होय.

आता गुजरीतल्या त्या बोल्टाचा प्रश्न हाती घेता येईल. जुन्या बाजारातला बोल्ट मजबूत असू शकतो. कदाचित विमानाच्या बोल्टाइतकाही असू शकतो. अडचण त्याच्या मजबुतीची नाही, त्याच्या इतिहासाची आहे. तो कोणत्या पोलादाचा, कोणी घडवला, आधी कोठे वापरला, त्यावर किती ताण येऊन गेला, हे कोणीही सांगू शकत नाही. विमानाला लागणाऱ्या बोल्टाच्या डोक्यावर खुणा असतात आणि तो ज्या खेपेत तयार झाला त्या खेपेची चाचणी झालेली असते. तो बसवताना किती जोराने आवळायचा हेही ठरलेले असते. कंपनांनी तो सैल होऊ नये म्हणून नटाला आडवी पिन किंवा तार घालून जखडतात. इंजिनाचेही तसेच. विमानाच्या पारंपरिक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना ठिणगी देणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. एक बंद पडली तरी दुसरी इंजिन चालू ठेवते. मोटारसायकल बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला घेता येते. आकाशाला कडा नसते. म्हणून तेथे ‘बहुधा टिकेल’ हे उत्तर चालत नाही. ‘का टिकेल’ हे दाखवावे लागते.

पंखांच्या ताकदीची परीक्षा तर पाहण्याजोगी असते. वाळूने भरलेली पोती पंखांवर रचली जातात. उडताना हवा पंखांना वर उचलते. म्हणून पुष्कळदा पंख उलटे ठेवून त्यांवर हा भार चढवतात. साध्या हलक्या विमानाच्या पंखांनी विमानाच्या पूर्ण वजनाच्या ३.८ पट भार वाकून न बसता सोसला पाहिजे, असा एक सर्वमान्य मापदंड आहे. त्याच्याही दीडपट भार आला तरी पंख मोडता कामा नये. विमान ६०० किलोचे असेल, तर पहिला आकडा २,२८० किलो होतो आणि दुसरा ३,४२० किलो. ज्याने वर्षानुवर्षे राबून ते पंख घडवले, त्यानेच त्यांवर एकेक पोते ठेवत जायचे आणि कोठे करकर ऐकू येते का, याकडे कान लावून उभे राहायचे! आपल्या निर्मितीवर प्रेम करणे सोपे आहे. तिच्यावर असा अविश्वास दाखवणे फार कठीण असते.

हा अविश्वास का आवश्यक आहे, हे १९३० च्या दशकातील एका प्रकरणाने साऱ्या युरोपाला शिकवले. आंरी मिन्ये नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने सामान्य माणसासाठी एक चिमुकले विमान तयार केले. सुतारकामाची थोडीशी जाण असलेल्या कोणालाही ते बांधता यावे, अशी त्याची इच्छा होती. १९३३ साली ते उडाले. त्याने बांधणीची सारी माहिती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि फ्रान्स, इंग्लंड व इतर देशांतील शेकडो हौशी लोक कामाला लागले. फ्रेंच भाषेतील त्या विमानाच्या नावाचा अर्थ ‘आकाशातली ऊ’ असा होतो. मिन्येची तळमळ खरी होती, हात कुशल होते आणि त्याचे स्वतःचे विमान उडतही होते. परंतु लवकरच अपघात घडू लागले. विमान एकाएकी नाक खाली घालून थेट जमिनीवर कोसळे. अखेर १९३६ साली इंग्लंड आणि फ्रान्समधील मोठ्या वातबोगद्यांत, म्हणजे कृत्रिम वारा सोडून विमान तपासण्याच्या दालनांत, पूर्ण आकाराच्या विमानाची तपासणी झाली. तेव्हा दोष उघड झाला. विमानाचे नाक एका मर्यादेपलीकडे खाली झुकले, की पुढच्या आणि मागच्या पंखांवरील हवेचा प्रवाह एकमेकांत असा गुंते, की चालकाला ते पुन्हा वर उचलता येत नसे. बांधणाऱ्यांच्या हातांचा दोष नव्हता. दोष आराखड्यातच होता आणि तो हौसेला दिसणारा नव्हता. मिन्येने पुढे आराखडा सुधारला. पण गेलेले प्राण परत येणार नव्हते. उत्साह पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हा धडा फार महागात मिळाला.

तपासून पाहण्याची ही शिस्त भारतात रुजवणाऱ्यांमध्ये एका मराठी माणसाचे नाव आदराने घ्यावे लागते. डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा जन्म १९०८ साली कोल्हापूरजवळच्या हसूरचंपू या गावी झाला. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी हवेच्या प्रवाहाचा अभ्यास केला. परत आल्यावर त्यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकीच्या अध्यापनाचा पाया घातला आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमानांचे आराखडे केले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आरेखित झालेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडाले. १९५८ साली आलेले ‘पुष्पक’ हे दोन आसनांचे हलके विमान पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत दाखल झाले. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर ताणून बसवलेले कापड, अशी त्याची साधी रचना होती. कित्येक भारतीय वैमानिकांनी आपली पहिली भरारी या पुष्पकातूनच घेतली.

घरगुती विमानांशीही बेंगळुरूचे नाते जुने आहे. अमेरिकेतील बर्ट रुटान यांनी हौशी लोकांसाठी ‘लाँग-ईझी’ नावाचे विमान आरेखित केले होते. त्यात फोमचे ठोकळे कापून पंखाचा आकार द्यायचा आणि त्यावर काचतंतूंचे कापड राळेत भिजवून चढवायचे, अशी कृती होती. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी याच आराखड्याच्या आधाराने एक विमान बांधले आणि १९८७ साली ते उडवले. काचतंतूंचे विमान कसे घडते, हे त्यांना स्वतःच्या हातांनी शिकायचे होते. त्या अनुभवानंतर प्रयोगशाळेने ‘हंस’ हे आपले दोन आसनांचे विमान सिद्ध केले. सन २००० मध्ये त्याला रीतसर प्रमाणपत्र मिळाले. नामवंत प्रयोगशाळेतील पंडितांनी हौशी माणसाच्या आराखड्यापुढे शिष्य होऊन बसावे, यात विद्येचा मोठेपणा आहे. बेंगळुरूतच तयार झालेले ‘एक्स-एअर’ या अतिहलक्या विमानाचे संच ब्रिटनमध्ये गेले आणि तेथील हौशी लोकांनी आपापल्या घरी त्यांची जुळणी केली. भारतात तयार झालेले भाग परक्या अंगणात विमानाचे रूप घेत होते. मात्र भारतातल्या एखाद्या सामान्य घरात कोणी संपूर्ण विमान बांधू म्हटले, तर त्याची वाट कशी असेल?

याचे उत्तर मुंबईच्या एका गच्चीवर मिळाले.

कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. विमान चालवण्याचे शिक्षण त्यांनी अमेरिकेत घेतले आणि पुढे जेट एअरवेजमध्ये ते नोकरीला होते. ती कंपनी २०१९ साली बंद पडली. परदेशात लहान विमाने पाहिल्यापासून आपल्या देशातही अशी विमाने घडावीत, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला. कांदिवलीतील चारकोप भागात त्यांचे एकत्र कुटुंब एका पाच मजली इमारतीत राहत असे. कारखान्यासाठी जागा नव्हती. होती ती फक्त इमारतीची गच्ची. ज्या गच्चीवर मुंबईकर पापड वाळत घालतात आणि पतंग उडवतात, त्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधावयास घेतले. त्याचे नाव ‘टीएसी-००३’. हा तिसरा प्रयत्न होता. आधीचे दोन प्रयत्न आकाशापर्यंत पोहोचू शकले नव्हते.

इमारतीला लिफ्ट नव्हती. लेथ यंत्र, वेल्डिंगचे यंत्र, धातूचे पत्रे आणि परदेशातून आणलेले वजनदार इंजिन हे सारे अरुंद जिन्यावरून माणसांनी खांद्यावर वाहून वर नेले. एकेका पायरीवर विसावा घेत इंजिन वर जात असेल, तेव्हा शेजाऱ्यांच्या दारांतून किती डोळे त्याच्याकडे पाहत असतील! ‘बांधाल खरे, पण खाली कसे उतरवणार?’ हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारला. बांधणाऱ्यापाशीही त्याचे तयार उत्तर नव्हते. मोजके कारागीर हाताशी घेऊन, सुटीच्या दिवसांत आणि उड्डाणांच्या मधल्या वेळेत हे काम सुमारे सहा वर्षे चालले. मुंबईचा पाऊस झेलत, उन्हाळे सोसत गच्चीवर हळूहळू एक विमान आकार घेत होते. अशा कामात राबणारा माणूस एकटा दिसतो. पण त्याच्यामागे सारे घर उभे असते. नव्या वस्तूंऐवजी घरात पत्रे आणि रिव्हेट येतात, सणावारीही हातोड्याचा आवाज थांबत नाही आणि घरची माणसे तक्रार न करता आपल्या गरजा एक वर्ष पुढे ढकलतात. स्वप्न एकाचे असते, त्याची किंमत मात्र सर्वांनी मिळून मोजलेली असते.

२०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया सप्ताह’ भरला. विमान त्या प्रदर्शनात न्यायचे ठरले आणि खाली कसे उतरवायचे, या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागले. विमानाचे भाग सुटे केले गेले, क्रेनच्या साहाय्याने ते गच्चीवरून रस्त्यावर उतरवले गेले आणि प्रदर्शनस्थळी त्यांची पुन्हा जुळणी झाली. पाहणाऱ्यांची रीघ लागली. वर्तमानपत्रांनी गच्चीवरच्या विमानाची वार्ता देशभर नेली, परदेशी वृत्तसंस्थांनीही तिची दखल घेतली.

पण विमान अजून उडाले नव्हते. ते उडण्यासाठी आणखी एक जिना चढायचा होता, आणि तो चारकोपच्या जिन्याहून कितीतरी उंच होता. नागरी विमानाची नोंद झाल्याशिवाय आणि उड्डाणाचा परवाना मिळाल्याशिवाय ते आकाशात नेता येत नाही. यादव यांनी नोंदणीसाठी प्रदर्शनाच्या कितीतरी आधीपासून अर्ज-विनंत्या चालवल्या होत्या. वर्षे लोटत होती, मधल्या काळात नियमही बदलले. कारखान्यांसाठी घडवलेल्या चौकटीत गच्चीवरचा माणूस कोठे बसवायचा, हे कोणालाच उमगत नव्हते. राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी आणि पुढे केंद्र सरकारने या प्रकरणात लक्ष घातले. अखेर २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये प्रायोगिक विमान म्हणून त्याची नोंद झाली आणि त्याला ‘व्हीटी-एनएमडी’ ही अक्षरे मिळाली. ‘व्हीटी’ ही भारतीय विमानांची ओळखखूण. ज्या दिवशी ती अक्षरे मिळाली, त्या दिवशी गच्चीवर जन्मलेल्या यंत्राला देशाचे नागरिकत्व मिळाले, असेच म्हणावे लागेल. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये उड्डाण-चाचण्यांचा परवाना हाती आला आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्यांचा पहिला टप्पा पार पडला. बांधणीस सहा वर्षे लागली होती. सिद्ध करण्याच्या वाटेने त्याहून अधिक काळ घेतला.

या कथेत चूक कोणाची, असा प्रश्न मनात येतो. एकीकडे पै-पै जोडून, आयुष्याची उमेदीची वर्षे ओतून उभे राहिलेले विमान आणि दुसरीकडे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरणारे कागद. सहानुभूती साहजिकच पहिल्याकडे झुकते. परंतु मिन्येच्या विमानातून कोसळलेल्या तरुणांची आठवण ठेवली, की नियमांचेही म्हणणे ऐकून घ्यावेसे वाटते. विमान केवळ बांधणाऱ्याचे नसते. ते ज्यांच्या घरांवरून उडते, शेतांवरून जाते, त्यांचाही त्याच्याशी संबंध असतो. त्यांनी ते विमान पाहिलेले नसते, त्याच्या रिव्हेटांवरून बोट फिरवलेले नसते. त्यांच्या वतीने कोणीतरी ‘दाखवा’ असे म्हणावेच लागते. खरा दोष परीक्षा घेण्यात नाही. परीक्षेला बसू इच्छिणाऱ्याला दारच सापडू नये, यात दोष आहे. परीक्षा कठोर असावी. पण तिचे दार कोठे आहे, ते केव्हा उघडते आणि आत काय विचारले जाते, हे सर्वांना आधी ठाऊक असावे. अनेक देशांनी ‘प्रायोगिक’ वर्ग निर्माण करून हेच साधले. अमेरिकेत घरी बांधलेल्या नव्या विमानाला पहिले पंचवीस ते चाळीस तास वस्तीपासून दूर, प्रवासी न घेता उडावे लागते. म्हणजे विश्वास एकदम दिला जात नाही आणि तो नाकारलाही जात नाही. तो तासातासाने कमवावा लागतो.

येथे मराठी मुलखातल्या आणखी एका विमानाची आठवण होते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा अनेक वर्षे सांगितली जाते. तळपदे हे कल्पक आणि अभ्यासू गृहस्थ होते, यात शंका नाही. परंतु त्या उड्डाणाचा ठोस समकालीन पुरावा उपलब्ध नाही. मोजमापे नाहीत, आराखडा नाही, यंत्रही उरलेले नाही. त्यांच्या प्रयत्नांशी ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाचा संबंध जोडला जातो. १९७४ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी तो ग्रंथ बारकाईने तपासला. त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत आणि ग्रंथाची रचनाही विसाव्या शतकाच्या आरंभाची असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या निष्कर्षाने तळपदे यांच्या जिद्दीचा अपमान होत नाही. उलट, एक हळहळ मात्र वाटते. त्यांनी जे काही केले असेल, ते नोंदवून ठेवले गेले असते, तर आज त्यावर वाद घालण्याऐवजी त्यातून काही शिकता आले असते. नोंद न ठेवलेला हुन्नर माणसाबरोबर जातो. मागे उरते ती केवळ आख्यायिका, आणि तिच्यात बसून कोणाला उडता येत नाही.

राइट बंधूंची वही, घाटग्यांचे गणित आणि यादवांची कागदपत्रांनी फुगलेली फाइल या तिन्ही गोष्टी दिसायला रुक्ष आहेत. हातोडा, लेथ आणि उसळते इंजिन यांपुढे त्या फिक्या वाटतात. तरीही विमान आणि विमानाची गोष्ट यांत जो फरक असतो, तो याच रुक्ष कागदांमुळे पडतो. गुजरीतल्या मिस्त्रीच्या बोटांना जे कळते ते खरे असते. पण ते त्याच्यापुरतेच खरे असते. तेच ज्ञान मोजून, लिहून दुसऱ्यापुढे ठेवले, तर ते सर्वांचे होते आणि मग त्याच्या भरवशावर अनोळखी माणूसही निश्चिंतपणे विमानात पाऊल ठेवतो.

शाळेच्या भिंतीबाहेर, संसाराच्या आणि कामाच्या धबडग्यात मिळवलेल्या विद्येचेही असेच आहे. ती गच्चीवर मिळवलेली असो की प्रयोगशाळेत, तिची योग्यता जागेवरून ठरत नाही. तिला कोणाच्या दयेची गरज नसते. परीक्षेचे खुले दार आणि न्यायाने तपासणारा परीक्षक एवढेच तिला हवे असते. त्या दारातून आत जाण्याची तयारी मात्र ज्याची त्याने, एकेक रिव्हेट बसवावा तशी, दिवसामागून दिवस करावी लागते. मग जिना कितीही अरुंद असो, इंजिन वर पोहोचते. आणि गच्ची कितीही उंच असो, विमान खाली उतरवून धावपट्टीपर्यंत नेता येते.